डावीकडचे चार नट

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत मोटार वळत नसे. ती सरळ आत यायची आणि बाहेर निघायची ती उलटी. त्यामुळे नानाकाकाला गाडी काढायची असली की सगळ्या गल्लीला खबर लागे. आधी इंजिनाची घरघर, मग काकाची "होऽ, सरका बा सरका" अशी आरोळी, मग दोन्ही बाजूंनी बाजा उभ्या केल्याचे, सायकली ओढल्याचे, कुणाची तरी बादली लवंडल्याचे आणि त्या बादलीपायी काकाचा उद्धार झाल्याचे आवाज. मी मागच्या सीटवर गुडघे टेकून, काचेला नाक लावून त्याला वाट सांगत असे. हे काम माझ्याकडे केव्हा आलं ते आता आठवत नाही. पण एकोणीस वर्षांची घोडी होऊन, कॉलेजात फिजिक्स घेऊनही ते मी सोडलं नव्हतं, आणि गल्लीतल्या मुली बघत असल्या की जरा जास्तच मोठ्याने "डावीकडे, अजून डावीकडे" असं ओरडायची. त्या काळी मला माझ्या बऱ्याच गोष्टींचा अभिमान होता.

घर आमचं संत्र्यांचं. गाव काटोलकडे, तिथे दोन बागा, आणि बाबा कळमन्याच्या मार्केटात अडते. उजाडायच्या आत ते निघून जात आणि दुपारी परत येत ते घसा बसवून, कारण लिलावात ओरडून ओरडून त्यांचा आवाज घरी वापरण्यासारखा उरत नसे. बहारात समोरच्या खोलीत टोपल्याच टोपल्या. आमच्या अंथरुणांना, वह्यांना, आईच्या लुगड्यांना संत्र्याच्या सालीचा वास यायचा. आई रागावली की स्वयंपाकात तिखट वाढायचं आणि खूश असली की सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, व्हायची. बारीक चिरलेल्या सांबाराचा ढीग ताटात दिसला की आज घरात कुणी कुणाला बोलणार नाही एवढं नक्की. नानाकाका बाबांचा धाकटा भाऊ. एका सरकारी कचेरीत कारकून, लग्न न केलेला, आणि त्याच्या पगाराचं काय होतं हे दारात उभंच होतं. एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या मागे त्यांच्या घरच्यांनी विकायला काढलेली ती विलायती मोटार, गोल नाकाची, हिरवी, माझ्याहूनही वयाने मोठी. तिला आम्ही मेमसाब म्हणायचो. बाबा म्हणत, "लोकं गाय बांधते दारात, आमच्या घरी हत्ती बांधला." काका हसायचा आणि मेमसाबचं नाक पुसायचा.

शहराबाहेर एक जुनी, वापरात नसलेली धावपट्टी होती. हौशी मोटारवाल्यांचा एक क्लब दर हिवाळ्यात तिथे ड्रम आणि टायर मांडून वळणावळणांचा गोल आखायचा आणि त्यावर जुन्या गाड्यांची शर्यत लावायचा. क्लबातली माणसं पैसेवाली होती, बंगल्यातली. काका त्यांच्यात शोभायचा नाही, पण आदल्या वर्षी नाव घालून आला आणि शेवटून पहिला आला. सरळ रस्त्यावर मेमसाब कुणाला ऐकायची नाही. पण वळण आलं की ती एका अंगावर कलायची, आतल्या बाजूचं मागचं चाक उचलायची, आणि काकाला ब्रेकवर उभं राहावं लागायचं. तेवढ्यात सगळे पुढे. घरी येऊन तो जेवला नाही. मला म्हणाला, "सुमे, तू एवढी शिकून राहिली, सांग ना, ही पडते काहून?"

मी सांगितलं. म्हणजे पुस्तकातलं सांगितलं. मेमसाबचा मागचा सगळा भार दोन पाट्यांवर होता. पाटा म्हणजे एकावर एक बांधलेल्या लोखंडी पट्ट्यांची जुडी, कमानीसारखी वाकलेली, ट्रकला असते तशीच पण लहान. खड्ड्यांतून जाताना पोटातलं पाणी हलू नये म्हणून ती कमान उंच आणि नरम ठेवलेली. शर्यतीला उलट हवं होतं, गाडी मागून खाली बसलेली आणि पाटे ताठ. हे मी वहीत आकृती काढून काकाला समजावलं आणि काका ती वही घेऊन, मला मागे बसवून, दादाराव मिस्त्रींकडे गेला.

दादारावांची भट्टी कळमन्याच्या रस्त्यावर होती. मार्केटात माल भरून येणाऱ्या ट्रकांचे तुटलेले पाटे जोडायचे, ढिले पडलेले तापवून घणाखाली पुन्हा वाकवायचे, हा त्यांचा धंदा. पंचेचाळिशीचा काटक माणूस, भुवया जळून जळून विरळ झालेल्या. वरच्या पत्र्यावर ऐरणीचा आवाज आदळायचा आणि मग त्याच्यामागे भात्याचा सुस्कारा. माझी वही त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली. मी गुरुत्वमध्य वगैरे सांगायला लागले तसे ते भात्यावरच्या माणसाला थांब म्हणाले, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे गाडीचं ढुंगण खाली पायजे. मंग सिद्धं सांग ना वं पोट्टे." काका इतका हसला की त्याला ठसका लागला. मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी एकटीच सिटीबसने तिथे गेले, आणि नंतर महिनाभर जातच राहिले. आई ओरडायची. पोरीची जात, लोहाराच्या भट्टीवर काय करते म्हणून. बाबांनी एकदा येऊन पाहिलं, दादारावांशी दोन शब्द बोलले आणि आईला सांगितलं की पोरीकडे कोणी मान वर करून पाहत नाही तिथं, जाऊ दे.

त्या महिन्याइतकं सुख मला पुढे फार वेळा मिळालं नाही, हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल. दादारावांनी दोन्ही पाटे सोडवले, एकेक पट्टी वेगळी केली, तापवून कमान उतरवली आणि मधे एक आखूड जाड पट्टी वाढवली. मी दोरा आणि खडू घेऊन मापं घ्यायची. ते डोळ्याने मापायचे, आणि दर वेळी त्यांचा डोळा आणि माझा दोरा एकच सांगायचे, ज्याचं त्यांना काही वाटत नसे आणि मला मात्र नवल वाटे. गाडी आणखी खाली बसावी म्हणून त्यांनी पाटा आणि चाकांचा अॅक्सल यांच्यामध्ये लोखंडाचा एकेक ठोकळा बसवला. आता हे तिन्ही, पाटा, ठोकळा आणि अॅक्सल, एकत्र आवळून धरायला जुने बोल्ट पुरेनात. तेव्हा त्यांनी जाड कांबीचे नवे यू-बोल्ट केले. कांब तापवून चिमट्यासारखी वाकवायची, पाणी द्यायचं, म्हणजे तापलेली पाण्यात बुडवून कडक करायची, दोन्ही टोकांना आटे पाडायचे. एका बाजूला दोन बोल्ट, म्हणजे चार नट. पाणी देताना ते कुणाशी बोलत नसत. लाल कांबीचा रंग उतरत उतरत एका ठरावीक रंगावर आला की झप्‌कन बुडवायचे. तो रंग कोणता, हे मी दहादा विचारलं. "पाहून पाहून समजते," एवढंच. दुपारी त्यांची बायको यमुनाबाई फडक्यात भाकरी, झुणका आणि कांदा घेऊन यायची. ती फार बोलत नसे. माझ्यापुढे भाकरी ठेवायची आणि माझे काळे हात बघून मान हलवायची.

त्या भट्टीवर एक रीत होती. नवीन बोल्ट पहिल्यांदा आवळले तरी ते पक्के धरायचे नाहीत. गाडी वीस-पंचवीस मैल पळवून आणायची. तेवढ्यात पट्ट्या, ठोकळे, सगळं एकमेकांत दबून बसतं आणि नट अर्धा-पाऊण फेरा ढिले पडतात. मग पान्ह्याला पाइप घालून, त्यावर अंगाचा भार टाकून पुन्हा कसायचे. आणि हे दुसरं कसणं झालं की काडीने शेंदरी रंगाची एक रेघ ओढायची, नटावरून सरळ बोल्टाच्या टोकावर. नट पुढे हलला तर रेघ तुटलेली दिसते. पण रेघेचा दुसराही अर्थ होता. रेघ म्हणजे कसणाऱ्याचा शब्द. दादाराव म्हणायचे, "जो कसन, तोच रेघ ओढन." त्यांच्याकडे पंधरा वर्षं काम करणारा माणूससुद्धा दुसऱ्याच्या कसलेल्या नटाला रेघ लावत नसे. ट्रकवाले ती शेंदरी रेघ बघून निर्धास्त नागपूरहून कुठे कुठे जायचे.

शर्यतीच्या आदल्या दिवशी काका मेमसाबला काटोल रोडने पळवून घेऊन आला. वळणावर ती जमिनीला चिकटून चालली म्हणून सांगताना त्याचे डोळे भरून आले होते. चार वाजले असतील. दादाराव खाली शिरले आणि त्यांनी उजवीकडचे चार नट कसले, रेघा ओढल्या. तेवढ्यात मार्केटात जाणारा संत्र्यांचा ट्रक पाटा मोडून दारात येऊन बसला. भरलेला माल, उद्याचा लिलाव. ड्रायव्हर हातापाया पडायला लागला. दादाराव उठले आणि पान्हा माझ्या हातात देऊन म्हणाले, "डावीकडचे चार तू कस. पाइप घालून, लटकून कसजो. झालं का रेघ ओढजो." भट्टीवरचा माणूस माझ्याकडे बघत राहिला. रेघ ओढायला त्यांनी दुसऱ्या कुणाला इतक्या लवकर सांगितलं नव्हतं.

आता मी काय केलं ते लिहिते. त्या दिवशी क्लबचे तिघेजण शर्यतीतल्या गाड्यांची तपासणी करत फिरणार होते आणि ते भट्टीवरही येणार होते, हे मला माहीत होतं. म्हणून मी आईच्या नकळत पांढरा सलवार-कमीज घालून आले होते, इस्त्रीचा. मी पान्हा घेऊन वाकले आणि ते आलेच. मग मी बाहेर जाऊन त्यांना इंग्रजीत सगळं समजावलं. भार कुठे सरकला, वळणावर काय होतं, ठोकळ्याची उंची कशी ठरवली. त्यांच्यातले एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ म्हणाले की ही सगळी तुझी कल्पना का? मी म्हणाले, हो. दादाराव दहा पावलांवर ट्रकाखाली होते आणि त्यांना इंग्रजी कळत नव्हतं. ते लोक गेले तेव्हा काका स्टिअरिंगवर बसून हॉर्न वाजवत होता, कारण मेमसाबला गल्लीत उजेडी शिरवायचं होतं. नट कसायचे म्हणजे त्या काळ्या, तेलकट जमिनीवर पाठीवर झोपायचं. मी माझ्या कपड्यांकडे पाहिलं. उद्या सकाळी मैदानावर कसू, घरून जुना ड्रेस घालून येऊ, असं मनाशी म्हटलं. मग उकिडवं बसून, हात लांब करून, काडीने चार रेघा ओढल्या. रेघा मात्र सुरेख आल्या होत्या.

सकाळी मैदानावर गर्दी होती. बाबा आले होते, आणि त्यांनी मागून आणलेल्या गाडीत मी, आणि आई पुऱ्या-बटाट्याचा डबा घेऊन. दादारावही धुतलेला सदरा घालून यमुनाबाईंना घेऊन आले होते; आपल्या हातचं काम शर्यतीत पळताना ते पहिल्यांदाच बघणार होते. आम्ही पोचेपर्यंत काकाला रांगेत उभं करून टाकलं होतं. पान्हा मेमसाबच्याच डिकीत होता. मी काकाकडे गेले. त्याने खिडकीतून हात बाहेर काढून माझं डोकं हलवलं आणि मला वाटलं, आता सगळ्यांदेखत गाडीखाली शिरायचं आणि काल कसले नाहीत म्हणून सांगायचं? पाच फेऱ्यांचा तर प्रश्न आहे. मी तशीच आईबाबांकडे परत गेले. दोन फेऱ्या मेमसाब अशी वळली की लोक उभे राहिले. काका तिसरा होता, मग दुसरा झाला. तिसऱ्या फेरीला, लांबच्या उजव्या वळणावर, गाडीचा सगळा भार डावीकडे आला आणि डावं मागचं चाक मागे सरकून मडगार्डात घुसलं. आवाज आम्हाला नंतर आला. गाडी गिरकी घेऊन ड्रमांवर गेली.

काका जिवंत होता. त्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि तो ओरडत होता ते गाडीच्या नावाने. त्याला जीपमध्ये घालून नेल्यावर सगळे मेमसाबभोवती जमा झाले. दादाराव धुतलेल्या सदऱ्यानिशी मातीत झोपले. डावीकडचे नट चार-चार आटे उतरले होते. रेघेचा अर्धा भाग बोल्टावर एकीकडे, अर्धा नटावर दुसरीकडे. ते बाहेर आले, उभे राहिले नाहीत, तसेच बसून त्यांनी मला विचारलं, "पोट्टे, हे चार तू कसले होते ना?"

बाबा माझ्या शेजारी होते. पांढऱ्या मिशांचे गृहस्थ होते. मी म्हणाले, "हाव."

"पाइप घालून?"

"हाव."

त्यांनी माझ्याकडे एकदाही संशयाने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी खरं बोलले असते. निदान मी स्वतःला तसं सांगत आले आहे. त्यांनी नटावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मंग एवढं कसूनबी ढिला झाला म्हंजे आटे धरून नाही राहिले. माह्याच लोखंडात खोट आहे. पाणी चुकलं माहं." त्यावर बाबा, जे आयुष्यात कुणाला टाकून बोलत नसत, ते बसलेल्या आवाजात सगळ्यांसमोर म्हणाले, "दादाराव, आमचा माणूस मरता मरता वाचला. अन् अशाच बोल्टावर मंडीतले ट्रक चालून राहिले का?" दादारावांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाही. त्यांना तोवर ट्रक आठवले नव्हते.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात मी काकाला खरं सांगितलं. रडत, नाक पुसत. त्याचा पाय वर टांगलेला होता. तो छताकडे बघत म्हणाला, "माहा पाय तर गेला. आता तुहं नाव काहून घालवतं? तुह्या बापाले समजलं तर तुहं कॉलेज बंद होईन. मिस्त्रीचं काय, धंद्याचा माणूस आहे, चार दिसात भुलून जाईन." काका पुढे जन्मभर लंगडत चालला आणि त्याने तो विषय माझ्याजवळ पुन्हा काढला नाही. त्याच्या या प्रेमाबद्दल मी कृतज्ञ असायला हवं. पण त्या दिवशी त्याच्या खाटेपासून उठले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि घरी येऊन मी पोटभर जेवले, हे मला आजही आठवतं.

दादाराव काही विसरले नाहीत. आठवड्याने बाबा जेवताना म्हणाले की मिस्त्री मंडीत ट्रकाखाली शिरून राहिला, रोज. त्या कांबीच्या लॉटमधून त्यांनी जेवढे बोल्ट केले होते तेवढे ते परत काढत होते. कोणत्या ट्रकला घातले ते त्यांना तोंडपाठ होतं. ट्रक मार्केटात आला की ते पान्हा घेऊन हजर. दुकानातून आणलेले बोल्ट घालायचे, आपले काढून पोत्यात टाकायचे. ड्रायव्हर म्हणायचे, "मिस्त्री, काहीच झालं नाही ना, राहू द्या ना." ते ऐकायचे नाहीत. मी बघायला गेले. का गेले ते कळत नाही. बहुतेक सांगायलाच गेले होते. धान्याच्या शेडपाशी एका ट्रकाखालून त्यांचे पाय दिसत होते. मी हाक मारली तसे ते बाहेर आले, मला बघून त्यांना खरंच बरं वाटलं. काकाची चौकशी केली. मग म्हणाले, "आली तर जरा हात लाव. तुहं कसणं पक्कं आहे. माह्या हातावर आता माहाच भरोसा नाही राहिला."

मी जुन्या कपड्यांत होते त्या दिवशी. ट्रकाखाली शिरले, पाइप घालून, लटकून आठही नट कसले. त्यांनी रंगाची डबी पुढे केली. मी रेघा ओढल्या. बाजूला पोत्यावर त्यांचे काढलेले बोल्ट पडले होते. त्यातला एक त्यांनी ट्रकच्या लोखंडी चौकटीत अडकवून, पाइप घालून वाकवून पाहिला, पुन्हा सरळ केला, पुन्हा वाकवला. "हा नाही तुटत," ते म्हणाले. "मेमसाबचे उजवीकडचेबी नाही ढिले झाले. मंग डावीकडचेच काहून?" ते मला विचारत होते. मी फिजिक्स शिकलेली म्हणून विचारत होते. मी म्हणाले की पाणी सगळीकडे सारखं बसलं नसेल. हे वाक्य मी स्वतः जुळवलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मान डोलावली.

त्यानंतर त्यांनी स्वतःचे बोल्ट करणं सोडलं. मग पाट्यांना पाणी देतानाही हात थांबायला लागला म्हणे. रंग उतरताना बघत राहायचे आणि बुडवायला उशीर व्हायचा. त्यांच्याकडे लोक यायचे ते त्या हाताच्या भरवशावर. दोनेक वर्षांत भट्टी बंद झाली आणि ते दुसऱ्याच्या गॅरेजात रोजाने लागले. मी पुष्कळ वर्षं स्वतःची समजूत घातली की तसेही ट्रक बदलत चालले होते, तयार पाटे मिळायला लागले होते, भट्टी आज ना उद्या बंद झालीच असती. असेलही. माझं लग्न झालं, मी शाळेत शिकवायला लागले. तीस वर्षं प्रयोगशाळेत मुलांना सांगत आले की वाचन जसं आलं तसं लिहा, उत्तर जुळवून लिहू नका. एकदा एका मुलीला जुळवलेल्या आकड्यांवरून वर्गाबाहेर उभं केलं होतं. घरी येऊन नवऱ्याशी विनाकारण भांडले. का भांडले ते त्याला अजून माहीत नाही. हे वाचेल तेव्हा कळेल.

काका वारला त्याच्या तेराव्याला कुणीतरी म्हणालं की दादाराव मिस्त्री अजून आहेत, काटोलला मुलीकडे असतात, नव्वदीला आले. मी पुढच्या आठवड्यात बसने गेले. बरोबर काय न्यावं हे कळेना. शेवटी काहीच नेलं नाही. ओसरीत बाजेवर बसले होते, पाय खाली सोडून. भुवया आता पूर्ण गेलेल्या. यमुनाबाई गहू निवडत होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही, दादारावांनी ओळखलं. "मेमसाबवाली पोट्टी," ते म्हणाले. मी त्रेसष्ट वर्षांची होते. मी खुर्चीवर बसले नाही, खाली बसले आणि घरून पाठ करून आणलेलं सगळं विसरून एवढंच म्हणाले, "दादाराव, ते डावीकडचे नट मी कसलेच नव्हते. कपडे खराब होतीन म्हणून नुसत्या रेघा ओढल्या. अन् तुमच्यासमोर खोटं बोलली."

यमुनाबाईंचे हात थांबले.

"चारही?" दादारावांनी विचारलं.

"चारही."

"मंग लोखंड बरं होतं?"

"बरं होतं."

"अन् पाणी?"

"पाणीबी बरं होतं, दादाराव. तुमचं काहीच चुकलं नव्हतं."

मी शिव्यांची तयारी करून गेले होते. ते हसायला लागले. बोळक्या तोंडाने, मांडीवर थापा मारत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "अवं, ऐकलं का? लोखंड बरं होतं म्हणते. पाणीबी बरं होतं." मला म्हणाले, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं. मुलगी आतून आली, तिच्यासाठी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. प्रत्येक वेळी "नुसती रेघ ओढली" हे मला माझ्या तोंडाने म्हणावं लागलं आणि प्रत्येक वेळी ते लहान मुलासारखे खूश झाले. माझ्यावर रागवायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. आपले दोन्ही हात ते उलटेपालटे करून बघत होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण ते ऐकण्याच्या पलीकडे गेले होते.

यमुनाबाई मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. त्यांनी मागे वळून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "त्याहिले आनंद झाला म्हणून त्याहिच्यासमोर मी काही बोलली नाही. जेवता जेवता हात पाहत बसत होता हा माणूस. मी चाळीस वर्षं सांगून राहिली होती, तुमचं नाही चुकलं, नाही चुकलं. माहं नाही ऐकलं. तेव्हाबी तुमचंच ऐकलं अन् आजबी तुमचंच ऐकलं." पदराने तोंड पुसलं. "आता तुम्ही पुन्हा येऊ नका, बाई."

मी बरं म्हणाले. फाटक लावत होते तेव्हा दादाराव ओसरीतून रस्त्यावरच्या कुणाला तरी हाक मारत होते, "अरे, इकडे ये गा, तुले एक गोष्ट सांगतो." ते पुढे दोन वर्षं होते. मी गेले नाही.